बाई शिकून येईपर्यंत

कार्तिक लागला की वर्ध्याच्या रस्त्याकडेच्या बाभळींना कापूस येतो. बाहेरचा माणूस पहिल्यांदा पाहतो तेव्हा चक्रावतो. कापसाने भरलेल्या गाड्या सरकी काढायला जिनिंगकडे जातात, वाऱ्याने पुंजके सुटतात आणि काट्यांना अडकून बसतात, इतकंच. पूर्वी बैलबंड्या जायच्या, आता ट्रॅक्टर जातात. बाभळीला त्याचं सोयरसुतक नाही, ती दरवर्षी तशीच पांढरी होते. मला हा मोसम आवडत नाही. या वयात हे सरळ लिहायला हरकत नसावी. शेजारी म्हणतात, काय सुरेख थंडी पडली आहे, बाई, फिरायला चला. मी दार लावून घरात बसते. तरी खिडकीच्या जाळीला एखादा पुंजका येऊन चिकटतोच.

यंदा त्या पुंजक्यापाठोपाठ एक फोन आला. एका मोठ्या इस्पितळातली तरुण डॉक्टरीण बोलत होती. आवाज गोड, भाषा अर्धी इंग्रजी. त्यांनी कॅन्सरच्या डॉक्टरांसाठी प्रशिक्षण शिबिर ठेवलं आहे. बाहेरगावचे तज्ज्ञ येणार, नव्या यंत्रांवर हात बसवून देणार, शेवटी प्रमाणपत्रं. उद्घाटनाला मी यावं आणि “तुमच्या काळात प्रशिक्षणाच्या काय संधी होत्या” यावर दहा मिनिटं बोलावं. दहाच का, असं मी विचारलं, तर ती हसली. म्हणाली, “मॅडम, मग जेवण आहे ना.” पोरगी मला आवडली. मी हो म्हणून बसले आणि तेव्हापासून मनाला स्वस्थता नाही.

संधी होती ना. एकच होती आणि ती मला मिळाली. न मिळती तर मी आज इतरांसारखी हसतमुख म्हातारी असते, उद्घाटनाला गेले असते, समई पेटवून जेवून आले असते.

मी मूळची पुलगावची. वडील कापडगिरणीत कारकून होते. गिरणीच्या भोंग्यावर आमचं घर उठायचं आणि निजायचं. शिकून डॉक्टर झाले आणि वर्ध्याच्या बायकांच्या एका छोट्या इस्पितळात लागले. बैठी कौलारू इमारत, पुढे कडुनिंब, व्हरांड्यात दोन लांब बाक. आमच्या प्रमुख डॉक्टरांना सगळे मोठ्या बाई म्हणत. त्या जाड खादी नेसायच्या, दुपारी तकलीवर सूत कातायच्या आणि कातता कातता आम्हाला रागवायच्या. बाळंतपणं, ताप, अशक्तपणा, दिवस राहणं आणि न राहणं, असा आमचा रोजचा संसार. त्यात मधूनच एखादी बाई यायची, जिच्या आधी तिचा वास आत यायचा. नर्स माझ्याकडे पाहायची, मी खिडकी उघडायची. गर्भाशयाच्या तोंडाचा कर्करोग. पण तो शब्द कुणी उच्चारत नसे. मोठी बिमारी म्हणायचं आणि नजर खाली करायची. या बाया भगत, वैदू, अंगारा, नवस अशी सगळी दारं झिजवून शेवटी आमच्याकडे यायच्या. आम्ही धुवायचो, पुसायचो, दुखणं कमी होईल असं काहीतरी द्यायचो. त्यांच्या घरचे विचारायचे, बरी होईल न? मोठ्या बाई म्हणायच्या, “पाहू या.” इतकी वर्षं मी वैद्यकी केली, पण ‘पाहू या’ इतकं वापरलेलं औषध दुसरं नाही.

तर ते साल छप्पन्नचं. त्या दसऱ्याला आमच्या जिल्ह्यातली गावंच्या गावं नागपूरला गेली होती आणि नवा धर्म घेऊन परतली होती. कुणी गाडीने, कुणी बंडीने, पुष्कळ पायी. रस्त्यावर पांढरी लुगडी आणि पांढरे सदरे असे काही चालले होते की यंदा कापूस दसऱ्यालाच फुटला असं मोठ्या बाई म्हणाल्या. त्या माणसांच्या चेहऱ्यावर तेव्हा जे होतं ते मी पुन्हा कुठे पाहिलं नाही. थकलेली होती, पायांना फोड आले होते, आणि तरी मान ताठ.

त्यांच्यातलीच पंचफुलाबाई. हिंगणीकडची, दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचणारी, चाळिशी उलटलेली. आमच्या इस्पितळात ती पूर्वी सुनेच्या बाळंतपणाला आली होती, तेव्हा व्हरांड्यात फरशीवर बसायची. बाकावर बसा म्हटलं तरी हसून मान हलवायची. दिवाळीच्या जरा आधी ती आली ती सरळ बाकावर बसली, पदर नीट केला आणि माझी वाट पाहत राहिली. अंगावर तेच नागपूरचं पांढरं लुगडं.

“बाई,” ती आत आल्यावर म्हणाली, “माही पाळी जाऊन लय दिस झाले. अन् नागपूरवून वापस येताना लुगड्याले डाग पडला. पांढरं हाये न, म्हून दिसला. रंगीत असतं तं दिसलाबी नसता.”

“आंधी भगताकडे गेलत्या का?”

“कायले जाऊ? थे सगळं सोडलं न आता. देव सोडले, भगत सोडला. शिकल्यासवरल्या माणसाचं आयकाचं, असं ठरवलं आमी.”

मी तपासलं. जे दिसलं ते लहान होतं, आणि मला त्यातलं फारसं कळत नव्हतं. संशय मात्र आला. एक तुकडा काढून नागपूरला तपासायला पाठवला आणि काही दिवसांनी उत्तर आलं, संशय खरा. मला धक्का बसला तो रोगाचा नाही. इतक्या लवकर स्वतःच्या पायाने आलेली बाई मी तोवर पाहिलीच नव्हती. कुठल्याही डॉक्टरने स्वप्नात पाहावी अशी रोगी. ना अंगारा, ना नवस, एक डाग दिसताच दारात हजर. अशा बाईला रेडियमच्या नळ्या आत ठेवून बरं करता येतं, एवढं पुस्तकात वाचलेलं होतं. पण रेडियम होतं मुंबईत. वर्ध्यात आमच्याकडे जखमा धुवायच्या पोटॅशची लाल बाटली होती.

आणि नेमकी त्याच दिवसांत ती संधी आली.

मुंबईच्या एका मोठ्या इस्पितळात काही महिने राहून कर्करोगाचं शिक्षण घ्यायचं. आमच्या भागासाठी एक जागा. आज यासाठी मुलं रात्रीचा दिवस करतात असं ऐकते. तेव्हा कुणाला ती नको होती. पुरुष डॉक्टर म्हणाले, मरणाऱ्यांचं शिकून काय मिळवायचं, त्यापेक्षा हाडांचं शिकावं, डोळ्यांचं शिकावं. वरून असंही कळवलं होतं की आधी माणूस तयार करा, मग साधन देऊ. म्हणजे शिकलेला डॉक्टर परत आला की त्याच्या इस्पितळाला रेडियम मिळणार. मोठ्या बाईंनी तकली खाली ठेवली आणि म्हणाल्या, “तू जा. बायकांचा रोग, बाईनंच शिकायला हवा.” त्यांनी हे सगळ्या इस्पितळासमोर सांगितलं. नर्सेसनी टाळ्या वाजवल्या. बाकांवर बसलेल्या बायांनी ऐकलं. दोन दिवसांत बाजारभर झालं की आपली डॉक्टरीण मोठी बिमारी शिकायला चालली, आणि येताना दवाई घेऊन येणार.

माझी आई तेवढी खूश नव्हती. “आता अजून काय शिकतं वं?” ती म्हणाली. “डॉक्टर झाली न? सगळं शिकूनच तं डॉक्टर होते मानूस.” तेव्हा मी आईला हसले होते. हल्ली ते वाक्य आठवलं की हसू येत नाही.

मी पंचफुलाबाईला बोलावून घेतलं. तिचा नवरा डोमाजीही आला होता, दाराशी टोपी हातात घेऊन उभा.

“पंचफुलाबाई, तुमाले मुंबईले जा लागते. माह्यासंगच चाला.”

“तुमी कायले चालल्या मुंबईले?”

“हेच शिकाले.”

“शिकून वापस येता न?”

“येतो. होळीपर्यंत येतो. पन तुमी थांबू नोका. ही बिमारी थांबत नाई.”

“मंग मी कायले जाऊ तिथं? तिथं मले कोन वळखते?”

“मी राहीन न तिथं.”

ती यावर विचार करत राहिली. मग म्हणाली, “तुमी तं शिकत असान. शिकनाऱ्या मानसाले तरास देऊ नये.”

मी चिडले. माझा स्वभाव तेव्हाही असाच तिखट होता. मी तिला घाबरवलं, तिच्यावर रागावले, चित्र काढून दाखवलं की हे आज एवढं आहे, उद्या एवढं होईल. डोमाजीला बाजूला घेऊन सांगितलं. तिथे राहायची, जेवायची सोय होते हेही सांगितलं. चिठ्ठी लिहून दिली. दोघांनी मान डोलावली. “पाहातो,” डोमाजी म्हणाला. हे औषध आमच्याच दुकानातलं होतं.

निघायच्या दिवशी संध्याकाळी वर्धा स्टेशनवर मी सामान घेऊन उभी होते. फलाटाच्या एका बाजूला कापसाच्या गठाणी रचलेल्या, हवेत सरकीचा तेलकट वास, आणि सगळ्यांच्या केसांत, भुवयांत पांढरे तंतू. इतक्यात पुलावरून पंचफुलाबाई उतरताना दिसली. पांढरं लुगडं, काखेत गाठोडं, मागे डोमाजी. मला इतका आनंद झाला की मी तिथूनच हात वर करून ओरडले. आली! निघाली माझ्यासोबत! मी मनात तिला खिडकीपाशी बसवलं, पुलगावला आई डबा घेऊन येणार होती त्यातली भाकरी दिली, मुंबईला उतरून हात धरून इस्पितळात नेलं. पुलाच्या शेवटच्या पायरीपर्यंत एवढं सगळं झालं.

तिने गाठोडं माझ्या हातात ठेवलं. आत उशी होती. नव्या कापसाची, सरकी हाताने काढलेली.

“यंदाच्या पयल्या वेच्याचा कापूस हाये,” ती म्हणाली. “दरसाल पयल्या वेच्याले शेतात दहीभात ठेवून पूजा करत होतो आमी, सीतादही म्हन्तात त्याले. यंदा पूजा नाई केली. पन पयला कापूस असाच कायले घालवा? म्हटलं, बाई शिकाले चालली, तिच्या उशाले द्यावा. परक्या गावात डोकं शांत राह्यलं पायजे.”

गाडी आली, मी एकटीच चढले आणि गाडी हलली. ती पदर सावरून उभी राहिली. निरोप देणारी ती होती आणि निघून चाललेली मी होते. खरं तर हे उलटं असायला हवं होतं. पुलगावला आईने डबा दिला, उशी पाहिली आणि बोटांनी चाचपून म्हणाली, “कापूस मस्त हाये वं.”

मुंबईबद्दल लोक समुद्राचं सांगतात. मला आठवतो तो फिनेलचा वास आणि आमच्या सरांचे हात. उंच, वाकलेले पारशी गृहस्थ होते. त्यांची बोटं रेडियमने जागोजागी जळून कडक झाली होती, नखं वेडीवाकडी. पहिल्याच दिवशी त्यांनी हात पुढे केले आणि म्हणाले, “हे पाहा, आणि हात लांब ठेवायला शिका.” शिसाच्या पडद्याआड उभं राहायचं, लांब चिमट्याने नळी उचलायची, जागेवर ठेवायची आणि पटकन बाजूला व्हायचं. जितका उशीर तितकं आपलंच अंग भाजतं. खरं रेडियम हातात द्यायच्या आधी आम्हाला मेणाच्या गोळ्यात खोट्या नळ्या बसवायला लावत. मी सगळ्यांत भराभर बसवायची. सर म्हणाले, बोटं कुठे तयार केलीस? मी म्हटलं, सुट्टीत मामाच्या शेतात कापूस वेचला आहे. बोंडातला कापूस असा ओढायचा की वाळलेली पाती सोबत येता कामा नये, आणि काटा बोटात जाता कामा नये. सरांना ते फार आवडलं. मलाही तेव्हा स्वतःचा अभिमान वाटला.

पण त्याहून मोठी गोष्ट त्यांनी शिकवली ती बोटांनी पाहायची. आत कुठवर पसरलं आहे, बाजूला हाडापर्यंत पोचलं आहे का, गर्भाशय अजून हलतं की जागच्या जागी थिजलं आहे. हललं तर आशा आहे. नाही हललं तर तिला घरी पाठवा, तिच्या माणसांत. हे ते अगदी साध्या आवाजात सांगत. कुणाला हात लावायचा यापेक्षा कुणाला लावायचा नाही, हे शिकायला जास्त दिवस लागतात असं म्हणत. सकाळी मी बाह्यरुग्णांच्या रांगेवरून नजर फिरवायची. पांढरं लुगडं दिसलं की थांबायची. मुंबईत पांढरं नेसणाऱ्या बाया पुष्कळ निघाल्या.

मध्येच एकदा धीर करून मी सरांना विचारलं, आम्हाला आमच्या गावी रेडियम कधी मिळेल? त्यांनी चष्मा काढून पुसला. “कुणी सांगितलं तुला मिळेल म्हणून?” मग समजावून म्हणाले की तुम्हाला इथे बोलावलं ते डोळे म्हणून. गावोगावच्या बाया लवकर ओळखायच्या आणि आमच्याकडे पाठवायच्या. नळ्या बसवायला शिकवतो ते तुम्हाला समज यावी म्हणून. त्या संध्याकाळी मी मोठ्या बाईंना तातडीने लिहिलं. रेडियम येईल तेव्हा येईल, पंचफुलाबाईला आजच्या आज पाठवा. वर्ध्यातही तोवर सगळं पालटलं होतं. दिवाळीच्या सुमारास, मी निघायच्या धांदलीत असतानाच, आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला होता. ज्यांनी रेडियम कबूल केलं ते सरकार आता आमचं नव्हतं, आणि जे आमचं होतं त्याने काही कबूल केलं नव्हतं. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार.

मोठ्या बाईंनी हिंगणीजवळच्या सेलूच्या बाजाराच्या दिवशी पंचफुलाबाईला निरोप धाडला. उलट निरोप आला तो त्यांनी मला जसाच्या तसा कळवला, “बाईले म्हना, फिकर करू नोका. डाग पडनं थांबलं हाये. घाई करू नोका, नीट शिकून घ्या. मी थांबतो.”

डाग काही दिवस थांबतो. या रोगाची ही खोडच आहे. त्यानंतर मोठ्या बाई स्वतः बंडीने हिंगणीला जाऊन आल्या. तिने त्यांना गुळाचा चहा पाजला, पायांना हात लावला आणि सांगितलं की आपली डॉक्टरीण शिकत असताना आपण दुसऱ्याच्या दारी गेलो तर तिच्या शिक्षणाचा अपमान होतो. एका शहाण्या बाईने, लवकर आलेल्या बाईने, हा हिशोब केला होता. कुणाला दोष द्यायचा? ती अंगाऱ्यावर विसंबली असती तर मी तिला अडाणी म्हणून मोकळी झाले असते. ती शिक्षणावर विसंबली होती. जन्मभर ज्यांना शाळेच्या दारात उभं केलं नाही, त्यांनी शिकणं ही गोष्ट किती मोठी मानली होती, हे आम्हा शिकलेल्यांना माहीतच नव्हतं. आम्हाला शिकण्याची किंमत माहीत होती. म्हणजे ते किती थोडं असतं ते माहीत होतं.

मी होळीपर्यंत म्हणून गेले होते, पण सरांनी ठेवून घेतलं. ज्यांच्यावर उपचार केले त्या बाया फेरतपासणीला येतील त्या पाहूनच जा, नाही तर शिक्षण अर्धं राहील म्हणाले. खरंच होतं. वैशाख उजाडला.

वर्ध्याला उतरले तेव्हा ऊन असं होतं की डोळे उघडवेनात. शेतांतल्या कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून झाल्या होत्या, घरांपुढे त्यांचे सरपणाचे ढीग लागले होते. मी यायचा दिवस नर्सेसकडून बाजारात आणि बाजारातून हिंगणीला पोचला होता. इस्पितळाच्या कडुनिंबाखाली एक बंडी सोडलेली होती आणि बंडीत, बंडीखाली, बाकावर बायाच बाया बसल्या होत्या. मला पाहताच पंचफुलाबाई उठली. उठताना तिला बाकाचा आधार घ्यावा लागला. गालफडं बसली होती, रंग मेणासारखा झाला होता, पण चेहरा लख्ख.

“आल्या न बाई शिकून!”

मग तिने हात फिरवून सगळ्या बाया दाखवल्या. “ह्या सगळ्यायले मीच जमा केलं. कोनाले डाग, कोनाले पानी जाते. लाजत होत्या, भगताकडे चालल्या होत्या. मी म्हटलं, खबरदार. आपली बाई शिकून येऊन राह्यली, तोवर थांबा.”

तोवर थांबा.

मी प्रवासाचं लुगडंही न बदलता हात धुतले. पहिल्यांदा तिला घेतलं. बोटं आता शिकलेली होती. त्यांना विचार करावा लागला नाही, डोळ्यांची गरजही पडली नाही. दोन्ही बाजूंना हाडापर्यंत. काही हलत नव्हतं. सहा-सात महिन्यांपूर्वी हीच बोटं आत गेली होती तेव्हा त्यांना काही कळलं नव्हतं, आणि तेव्हा सगळं शक्य होतं. मी तिला म्हटलं, जरा बाहेर बसा. मग एकेक करून बाकीच्या. कुणाला नुसतीच सूज होती, कुणाला काहीच नव्हतं. काहींना होतं, आणि त्यातल्या थोड्यांचं अजून हलत होतं. मी व्हरांड्यात आले. सगळ्या माझ्याकडे पाहत होत्या. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या, तकली हातात तशीच.

मी ज्यांना सांगायचं त्यांना सांगितलं, “तुमाले मुंबईले जा लागते.”

मग पंचफुलाबाई म्हणाली, रागाने नाही, नीट समजून घ्यावं म्हणून,

“पन थे तं तुमी जायच्या आंधीच सांगतलं होतं न, बाई?”

मला हे शिबिरात सांगायचं आहे का? दहा मिनिटांत, जेवणाच्या आधी? पुढचं तर सगळं ठरल्यासारखंच झालं. त्या बायांतल्या दोघी मुंबईला गेल्या, एक बरी होऊन आली आणि पुष्कळ जगली. बाकीच्या एकमेकींकडे पाहत बंडीत चढल्या. ज्या डॉक्टरणीसाठी थांबलो तिनेच बाहेरची वाट दाखवली म्हटल्यावर त्यांनी कोणावर भरवसा ठेवावा? पुढे त्यातल्या काही मला भेटल्या त्या आमच्याच खाटांवर, आणि त्यांच्या आधी त्यांचा वास आला. रेडियमसाठी मी अर्ज करत राहिले. काही वर्षांनी उत्तरं येणं बंद झालं, मग माझे अर्जही. मेणाच्या गोळ्यात भराभर चालणारी बोटं हळूहळू सगळं विसरली. हात विसरतो, पुस्तक लक्षात राहतं, हे त्यातलं वाईट. पंचफुलाबाई पुढचा कापूस फुटायच्या आत गेली. शेवटी शेवटी दुखणं इतकं होतं की मी हिंगणीला जाऊन सुई टोचून यायची, आणि ते तर मला मुंबईला न जाताही येत होतं. मोठ्या बाईंनी माझं प्रमाणपत्र काच बसवून व्हरांड्यात लावलं होतं. ते मी काढा म्हटलं, तर नर्स म्हणाली, राहू द्या बाई, रोग्यांना धीर वाटतो.

त्या फोनवरच्या मुलीचा मला राग नाही. तिच्या इस्पितळात म्हणे आता सगळं आहे, यंत्रं, औषधं, शिकवणारे. चांगलंच आहे. तरी परवा कामवालीची मावशी आली होती. तोंडातली जखम दाखवत म्हणाली की गावात मोठं शिबिर होणार आहे असं ऐकलं, तेव्हा दाखवीन, तोवर थांबते. मी तिच्यावर इतकी ओरडले की ती बिचारी चप्पल न घालताच पळाली. मग मी दार लावून बसले. जाळीवरचा पुंजका तिथेच होता.

एक गोष्ट वर सांगायची टाळली. ती त्या वैशाखातल्या दुपारचीच आहे.

“थे तं आंधीच सांगतलं होतं” असं म्हणून पंचफुलाबाई माझ्याकडे पाहत राहिली. मी मान हलवली. मग तिचा चेहरा उजळला. कोडं सुटावं तसा. आपलं चुकलं हे तिला कळलं होतं, आणि चूक कळली की ती सुधारता येते असं तिला वाटत होतं. तिने डोमाजीला हाक मारली, “बैलं जुपजो गा.” आणि मला म्हणाली,

“बरं मंग. आयकतो तुमचं. आता मीबी निघतो ह्या सगळ्यायसंग. कवाची गाडी हाये?”

सगळी मुंबई मला याच प्रश्नाचं उत्तर शिकवून थकली होती, नाही हललं तर तिला घरी पाठवा. डोमाजी खरोखरच बैलांकडे निघाला होता. मोठ्या बाईंनी माझ्याकडे पाहिलं, पण ‘पाहू या’ त्यांच्याही तोंडून निघालं नाही.

“आंधी चाय घ्या,” मी म्हटलं.

मी आत जाऊन माझ्याच कपात चहा आणला. तिने तो बशीत ओतला. नागपूरच्या त्या पांढऱ्या लुगड्यावर सांडू नये म्हणून तिने आधी पदर नीट आवरून मांडीखाली घेतला, आणि मग बशी ओठाला लावली.